एका दिवसात कॅप्टन

५ जानेवारी २०२५, रविवार

एका दिवसात कॅप्टन! सकाळी रोपांना पाणी घालणारं पोरगं, संध्याकाळी अख्ख्या जहाजाचा धनी. आणि थेटरात टाळ्या.

बायकोचे, चंदनाचे, डोळे दाखवायला निपाणीहून बेळगावला गेलतो. डॉक्टरनी थेंब घातले, तिला जवळचं काही दिसेना. परतीच्या गाडीला वेळ होता. अभिनंदन – माझ्या भावाचा मुलगा, तिथंच इंजिनिअरिंगला आहे – म्हणाला, "काका, चला, अंतराळाचा सिनेमा लागलाय." त्यानं आधीच तिकिटं काढली होती. गेलो.

गोष्ट अशी – शनीकडं निघालेलं जहाज. त्यात एक शिकाऊ पोरगा. हवेसाठी झाडं लावलेली खोली असते, तिथं त्याचं काम. एक मोठा दगड येऊन जहाजाच्या पुढच्या भागाला धडकतो. सगळे वरचे अधिकारी त्या भागात. तो भाग तुटून जातो. हा पोरगा उठतो, खुर्चीत बसतो, जहाज सुखरूप बाहेर काढतो. शेवटी पृथ्वीवरचे सगळ्यात मोठे साहेब पडद्यावर येतात – आजपासून तू कॅप्टन. कायमचा!

मी अभिनंदनला म्हणालो, "शिकाऊ आणि कॅप्टन यांच्यात पायऱ्या किती, ठाऊक आहे का?"

"पण काका, तो हुशार हाय."

"हुशार मीही होतो."

तो हसला. मी विनोद केला नव्हता. कंडक्टर म्हणून लागलो तेव्हा मिशी काळी होती. बस स्टँडवर कंट्रोलरच्या खुर्चीत बसलो तेव्हा आमची लेक दिव्या कॉलेजात होती. मधे किती साहेब आले, किती गेले. प्रत्येकाला होय म्हणालो तेव्हा ती खुर्ची. त्यातही पंखा चालत नव्हता.

आणि दिव्याचं काय? ती खऱ्या जहाजावर आहे. माल वाहायचं जहाज, सिनेमातलं नाही. आधी कॅडेट म्हणून गंज खरवडला. मग परीक्षा. मग समुद्रावरची नोकरी मोजून पुन्हा परीक्षा. आता कुठं थर्ड ऑफिसर. वर सेकंड, त्याच्या वर चीफ, मग कॅप्टन. ती स्वतःच म्हणते, कॅप्टन व्हायला चष्मा लागेल आप्पा.

परतीच्या गाडीत चंदनाला खिडकीची जागा मिळाली. यमकनमर्डीच्या पुढं आल्यावर म्हणाली, "त्या तुटलेल्या भागात एक बाई बोलत होती. तिचा आवाज मधेच बंद पडला. पुढं तिचं नाव कुणी घेतलं न्हाय."

तिला पडदा धूसर दिसत होता. ती नुसती ऐकत होती म्हणून तिला कळलं. मी तर त्या बाईला विसरूनही गेलो होतो.

६ जानेवारी

भरमूला सिनेमाची गोष्ट सांगितली. भरमू मूळचा गुंजीचा. लोंढा गाडीवर तो ड्रायव्हर, मी कंडक्टर – आमचं आयुष्य त्या एका रस्त्यावर गेलं. आता निपाणीत लेकीकडं असतो. रोज दहाला येतो, चहा पितो, जातो.

म्हणाला, "वरची समदी मेली तर पोरगं न्हाय बसणार, तर कोण बसणार रं? तू ड्युटीवर असताना मला चक्कर आली असती तर तू ष्टेरिंग धरलं असतंस का न्हाय?"

"धरलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मला ड्रायव्हर केलं नसतं."

"ते बी खरं."

८ जानेवारी

दिव्याचा फोन. न्यूझीलंडमधून लाकडाचे ओंडके भरून निघालेत, गुजरातला उतरवणार. आवाज मजेत. मी सिनेमाची तक्रार सांगितली. खूप हसली.

"आप्पा, कॅप्टनला काही झालं तर चीफ. चीफ न्हाय तर सेकंड. माझ्यापर्यंत यायला अख्खी रांग झोपायला पायजे."

मागून कुणीतरी कानडीत ओरडलं – तुझ्या आप्पांना सांग, सेकंड ऑफिसर एकदम ठणठणीत आहे! तो नागेंद्र. कारवारकडचा. मागं व्हिडिओवर बोललोय त्याच्याशी. त्याच्या गावच्या बसची वेळ मला अजून तोंडपाठ आहे म्हणून केवढा खूश झाला होता. आम्ही जैन, जेवणात दिव्याला कांदा-बटाटा चालत नाही. हा आचाऱ्याला सांगून तिची भाजी वेगळी काढायला लावतो. चंदना त्याला न बघताच जीव लावून बसलीय.

१४ जानेवारी

संक्रांत. दिव्याला तिळगुळाचा फोटो पाठवला. तिचं उत्तर – "इथं चारी बाजूंना पाणी, कुणाला गोड बोलू?"

२० जानेवारी

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

दुपारी मुंबईहून फोन. जहाजाच्या कंपनीचं ऑफिस. माणसानं पहिलं वाक्य म्हटलं – तुमची मुलगी सुखरूप आहे. चंदना भाकरी थापत होती. तिच्याकडं बघून मी मान हलवली, काही नाही म्हणून.

मग तो सावकाश सांगत गेला. जहाजावर अपघात झाला. दोन अधिकारी दगावले. कॅप्टनच्या छातीत दुखू लागलं, ते केबिनमध्ये पडून आहेत. वाटेवरचं पहिलं मोठं बंदर कोलंबो, तिकडं जहाज वळवलंय.

मी विचारलं, "मग जहाज चालवतंय कोण?"

"सध्या तुमची मुलगी."

"चालवतंय म्हणजे?"

"म्हणजे कमांड, सर. तुम्हाला अभिमान वाटायला हवा."

फोन ठेवला. चंदनाकडं वळलो. तीच म्हणाली, "जिवंत हाय न्हवं?"

मी व्हय म्हणालो. तवा उतरवायचं दोघांनाही सुचलं नाही. भाकरी जळून काळी.

२१ जानेवारी

सेकंड ऑफिसर नागेंद्र. चीफ ऑफिसर.

कंपनीच्या माणसानं नावं सांगितली नव्हती. "दोन अधिकारी" म्हणाला होता. कॅप्टनच्या खाली आणि दिव्याच्या वर दोघंच असतात. हे मला कालच कळायला हवं होतं. रांग मला तोंडपाठ होती. पण काल मी फक्त दिव्या जिवंत आहे एवढंच ऐकलं. सकाळी दात घासताना एकदम ध्यानात आलं आणि तसाच बेसिनला धरून उभा राहिलो.

चंदनाला सांगितलं. ती देवघरापुढं बसली ती दुपारपर्यंत उठली नाही.

अभिनंदन बेळगावहून आला. त्याच्या मोबाईलवर समुद्र दिसतो आणि जहाजं टिंबासारखी. म्हणाला, "काका, हे दिव्याआक्काचं." हिरवं टिंब. सगळीकडं निळं. आम्ही तिघं त्या टिंबाकडं बघत बसलो. हलतच नाही! अभिनंदन म्हणाला, हलतंय काका, लांबून कळत न्हाय.

इंजिनकडं एक मोठे साहेब आहेत म्हणे, साठीचे. पण जहाजाची कमांड त्यांच्याकडं जात नाही, त्यांचं खातं वेगळं. म्हणजे खरंच ती. पंचवीस वर्षांची. माझी मुलगी.

२३ जानेवारी

दिव्याचा फोन. दोन मिनिटं.

"आप्पा, जेवलासा काय?"

"तू जेवलीस काय?"

"व्हय." खोटं. मला कळतं.

मधेच कुणीतरी तिला काहीतरी विचारलं. तिनं इंग्रजीत उत्तर दिलं, चार शब्द. त्या आवाजात विनंती नव्हती, भीती नव्हती, काहीच नव्हतं. डेपो मॅनेजरच्या सुद्धा आवाजात मी असलं काही ऐकलेलं नाही. मला क्षणभर वाटलं फोन दुसऱ्याच कुणाला लागलाय.

मी नागेंद्रचं विचारलं. ती म्हणाली, "आत्ता न्हाय आप्पा." फोन बंद.

२५ जानेवारी

पेपरात आलं. "निपाणीची कन्या झाली जहाजाची कप्तान". फोटो तिच्या कॉलेजच्या ओळखपत्राचा, दोन वेण्या घातलेला. कुणी दिला देव जाणे.

सकाळपासून माणसं. हार, पेढे. तंबाखूच्या वखारीचे मालक, ज्यांनी आजवर माझ्या नमस्काराला मान हलवली नव्हती, ते स्वतः पायऱ्या चढून आले. म्हणाले, "सिनेमात बघतो तसंच की हो हे!"

मला धक्का बसला तो या वाक्याचा नाही, मी हसलो त्याचा. हसलो मी! हात जोडून हसलो. मागं वळलो तर दारात चंदना. ती माझ्याकडं अशी बघत होती की मी हातातला पेढा तसाच ताटात ठेवला.

बातमीत शेवटच्या ओळीत होतं – "या दुर्घटनेत अन्य दोघांचा मृत्यू झाला."

अन्य दोघं.

संध्याकाळी भरमू आला. त्यानं पेढा घेतला नाही. जाताना म्हणाला, "कारवारच्या घरात आज कोण आलं असंल?"

२८ जानेवारी

कोलंबोला पोचले. नवे कॅप्टन, नवे अधिकारी चढले. जुन्या कॅप्टनना दवाखान्यात हलवलं. दिव्याला घरी सोडणार, जबाब झाल्यावर.

टिंब बंदराला टेकल्यावर अभिनंदन रडायला लागला. इंजिनिअरिंगचं पोरगं, सहा फूट. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो आणि मला कळेना की माझे गाल का ओले झालेत.

४ फेब्रुवारी

दिव्या आली.

बेळगावच्या विमानतळावर आम्ही दोघं आणि अभिनंदन. मला वाटलं होतं ती पळत येईल. चालत आली. बॅग मला घेऊ दिली नाही. आईच्या गळ्यात पडली, पण हात खालीच राहिले. वजन निम्मं झालंय. डाव्या तळहातावर दोरानं सोलल्यासारखा ओरखडा.

निपाणीत गल्लीच्या तोंडाला बॅन्जो पार्टी. गाडी थांबली तशी वाजायला लागली. दिव्यानं माझं मनगट धरलं, "आप्पा, थांबवा त्यांना." हळू म्हणाली. मी उतरून हात जोडले. पोरं ऐकेनात, उत्साहात होती. शेवटी भरमू त्यांच्या मधोमध जाऊन उभा राहिला, ड्रायव्हर असताना रस्त्यात म्हशी आल्यावर उभा राहायचा तसा. मग बंद झालं.

आत आली, चप्पल काढली, जमिनीवर आडवी झाली. पलंगावर नाही. फरशीवर.

६ फेब्रुवारी

बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या, हॉलमध्ये सत्कार. नको म्हणत होतो. पण समाजाची माणसं, नाही म्हणता येईना. दिव्या म्हणाली, येते, दोन वाक्यं बोलते.

शाल, नारळ, चांदीचा रंग दिलेलं छोटं जहाज. एका वक्त्यानं भाषण केलं – तिसऱ्या पायरीवरून एका उडीत शिखरावर. दिव्या खाली बघत होती.

मग ती उभी राहिली. माईक तिच्यापेक्षा उंच होता, तो खाली करायचा तिनं प्रयत्नही केला नाही. म्हणाली, "मी वर चढले न्हाय. माझ्या वरची दोघं मेली. एकाचं नाव नागेंद्र. चीफ साहेबांचं नाव मी घरच्यांना विचारल्याशिवाय घेणार न्हाय, त्यांच्या आईला अजून सांगितलेलं न्हाय. बस."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या!

मी बघत राहिलो. चांगली माणसं आहेत, माझ्या ओळखीची. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. बोलणं संपलं की टाळ्या वाजवायच्या एवढंच त्यांना माहीत. पण तो आवाज माझ्या कानात अजून आहे. थेटरातला आणि हा – दोन्ही सारखेच. त्या दिवशी मी पोरगा कॅप्टन कसा झाला म्हणून रागावलो होतो. भरमूनं एका वाक्यात उत्तर दिलं होतं. वरचे मेले की होतो. त्यात न पटण्यासारखं काय आहे? न पटण्यासारखं पुढचं होतं. त्या पोराला भूक लागली, तो हसला, त्यानं बिल्ला लावून घेतला. माझी मुलगी तीन दिवस भिंतीकडं तोंड करून झोपते.

९ फेब्रुवारी

आज तिनं सांगितलं. सकाळी, परसात, वेण्या घालून घेताना. आईकडं पाठ होती म्हणून बोलता आलं असावं. मी पायरीवर बसलो होतो.

जहाजाच्या पोटात माल भरायच्या खोल्या असतात. त्यात ओंडके. ओलं लाकूड बंद जागेत आतली हवा खाऊन टाकतं. वास येत नाही, धूर नाही, काही नाही. माणूस शिडीनं उतरतो आणि चार श्वासांत खाली पडतो. हे सगळ्यांना शिकवलेलं असतं. चीफ साहेबांनाच ते शिकवायचं काम! पण खालून पाण्यासारखा आवाज येत होता म्हणून ते "नुसतं डोकावतो" म्हणत झाकण उघडून दोन पायऱ्या उतरले. पडले. नागेंद्र जवळ होता. त्यानं हाक मारली, उत्तर नाही, तो तसाच मागोमाग.

"मी पोचले तेव्हा तो शिडीच्या खाली दिसत होता. टॉर्चमध्ये. त्याचा हात हलला, आई. हलला असं मला दिसलं."

चंदनाचे हात थांबले. दिव्या म्हणाली, "घाल तू वेणी."

सारंग – म्हणजे खलाशांचा मुकादम – आणि दोन खलाशी खाली जायला निघाले. तोंडाला फडकं बांधून. नागेंद्र सगळ्यांचा लाडका. दिव्यानं झाकण ओढलं आणि त्याच्यावर बसली. ती बसली! सारंगनं तिला शिव्या दिल्या, ओढलं. तिनं झाकणाचा दोर हाताला गुंडाळून घेतला. पाठीवर बांधायची हवेची नळकांडी आल्याशिवाय कुणी खाली जाणार नाही, एवढंच म्हणत राहिली. नळकांडी आली, बांधली, दोन माणसं दोरीनं सोडली. दोघांना वर काढलं. तोवर संपलं होतं.

मी विचारलं, "कॅप्टन कुठं होते?"

"होते. त्यांची तब्येत बिघडली."

मी पुढं विचारलं नाही. चंदनानं वेणी पुरी केली, रिबन बांधली आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकून तशीच उभी राहिली.

१३ फेब्रुवारी

नागेंद्रचे वडील आले. शामू नायक. कारवारजवळ त्यांचं चहाचं हॉटेल आहे. न कळवता आले, दोन गाड्या बदलून. पायांत रबरी चप्पल, हातात पिशवी. दारात उभे राहून कानडीत विचारलं – दिव्याचं घर हेच का?

मला वाटलं, आता हा माणूस तिला मारणार. खरंच वाटलं. मी मधे जाऊन उभा राहिलो. दिव्यानं मला बाजूला केलं.

ते बसले. पाणी घेतलं नाही. म्हणाले, "कंपनीच्या लोकांनी सांगितलं, माणसं खाली जात होती, त्यांना थांबवलं. कुणी थांबवलं ते सांगेनात. एवढंच विचारायला आलोय."

दिव्या म्हणाली, "मी."

बाहेरून भाजीवाल्याची हाक आली आणि गेली.

"तेव्हा तो जिवंत होता?"

"मला माहीत नाही, काका. हात हलल्यासारखा दिसला."

मी डोळे मिटले. हे सांगायची काय गरज होती? कुणालाच कधी कळलं नसतं.

"जे जाणार होते ते किती जण?"

"तिघं."

"त्यांना मुलं आहेत?"

"दोघांना आहेत. तिसऱ्याचं लग्न ठरलंय."

शामू नायक मान हलवत राहिले. मग पिशवीतून डबा काढून चंदनाच्या हातात दिला. म्हणाले, "नागू सांगायचा, जहाजावर एक मुलगी आहे, कांदा-बटाटा खात नाही, तिचे फार हाल होतात. त्याच्या आईनं केळ्याचे वेफर तळलेत. त्यात काही नाही."

चंदना आत गेली. तिच्या हुंदक्याचा आवाज बाहेर आला. दिव्या तिथंच बसून राहिली, ताठ, आणि पहिल्यांदा रडली. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून.

जेवायला थांबा म्हटलं तर नको म्हणाले. मी स्टँडवर सोडायला गेलो. बेळगावच्या गाडीला खिडकीची जागा धरून दिली. ते बसल्यावर खिडकीतून म्हणाले, "मी तिथं असतो तर तुमच्या मुलीला फेकून देऊन खाली उतरलो असतो."

मी खिडकीचा गज धरून उभा होतो.

"बरं झालं मी नव्हतो," ते म्हणाले. गाडी सुटली.

१४ फेब्रुवारी

भरमूला सगळं सांगितलं. तो चहा तसाच ठेवून गेला.

१७ फेब्रुवारी

कंपनीचा फोन, दिव्याला. स्पीकरवर लावला. तोच माणूस. फार गोड बोलला. येत्या सोमवारी मुंबईत चौकशी आहे. घाबरायचं काही नाही. जहाजाच्या वहीत लिहिलंय तेवढंच सांगायचं – कॅप्टन आजारी पडले, नियमाप्रमाणे चार्ज तुमच्याकडं आला, तुम्ही माणसांना थांबवलं. चौकशी संपली की पुढच्या जहाजावर सेकंड ऑफिसर, परीक्षेचा खर्च कंपनीचा. "इतक्या लवकर आमच्याकडं कुणालाच मिळालेलं नाही, मॅडम."

दिव्या म्हणाली, "विचार करून सांगते."

मी तिला समजावलं. बाई गं, घे. तुझ्या हक्काचं आहे. नागेंद्रची जागा म्हणून मन खात असेल, पण जागा रिकामी राहत नसते. मी बत्तीस वर्षं वरच्याचं ऐकत काढली, तेव्हा कुठं. तुला समोरून मिळतंय.

तिनं माझ्याकडं बघितलं. काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "आप्पा, तुम्ही कधी साहेबांचा हुकूम मोडला काय?"

"कधीच न्हाय," मी म्हणालो. अभिमानानंच म्हणालो.

ती उठून आत गेली.

१९ फेब्रुवारी

चहाच्या वेळी दिव्या बोलली. आधी ऐकूनही समजलं नाही, पुन्हा सांगायला लावलं.

कॅप्टन आजारी पडले ते नंतर. झाकण ओढलं तेव्हा ते तिच्या शेजारी उभे होते, धडधाकट. "उठ, माणसं खाली सोड" असा त्यांचा हुकूम होता. तीन वेळा दिला. नागेंद्र त्यांना मुलासारखा, त्यांचं भान सुटलं होतं. ती उठली नाही. सारंगला म्हणाली – आत्तापासून माझं ऐकायचं. सारंगनं ऐकलं.

"चार्ज मला कुणी दिला न्हाय, आप्पा. मी घेतला. वहीत उलटं लिहिलंय. सोमवारी मी खरं सांगणार."

मी विचारलं, काय होईल? म्हणाली, लायसन जाईल बहुतेक.

संध्याकाळी स्टँडवर जाऊन मुंबईची दोन तिकिटं काढून आणली, तिचं आणि माझं. चंदनानं ती हातात घेऊन बघितली आणि म्हणाली, "तीन पायजेत."

परत गेलो.